सोलापुरात जुने टर्बोप्रॉप विमान घेऊ पाहणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील उद्योजक, साखर कारखानदार आणि डॉक्टर मंडळी

विषय : दोन इंजिनांचे जुने टर्बोप्रॉप विमान सामाईक मालकीने घेण्याबाबत

सन्माननीय महोदय व महोदया,

स. न. वि. वि.

आपल्यापैकी काही जण एकत्र येऊन दोन इंजिनांचे एक जुने टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनच्या बळावर प्रोपेलर फिरवणारे, विमान विकत घेण्याच्या विचारात आहेत, अशी चर्चा गेले काही महिने शहरात ऐकू येते आणि काहींनी माझ्याशीही या विषयावर बोलणे केले आहे. मी सोलापूरचाच. विमान देखभाल अभियंता म्हणून माझा नोकरीचा बहुतेक काळ याच जातीच्या विमानांखाली आणि त्यांच्या इंजिनांसमोर गेला. प्रत्येकाला वेगवेगळे आणि तुटक उत्तर देण्यापेक्षा सर्वांसमोर एकदाच सविस्तर लिहावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. अशा विमानाच्या किमतीची घासाघीस सुरू करण्याआधी दोन गोष्टी भागीदारांमध्ये लेखी ठरल्या पाहिजेत : इंजिनांसाठी बाजूला काढायचा पैसा किती, आणि उड्डाण थांबवण्याचा अधिकार कोणाचा. या दोन्ही गोष्टी ठरणार नसतील तर विमान घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ कल्पना चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. सोलापूर ते मुंबई हे सरळ रेषेतील अंतर साधारण ३६० किलोमीटर आहे. फेब्रुवारी २०२३ पासून धावणाऱ्या वंदे भारतनेही या प्रवासाला सहा तासांहून अधिक वेळ लागतो, तर किंग एअर सी-९० सारखे दोन इंजिनांचे छोटे टर्बोप्रॉप विमान तेच अंतर साधारण तासाभरात कापते. हैदराबाद तर त्याहून जवळ आहे. एवढ्या छोट्या टप्प्यांसाठी जेट विमान इंधन फार जाळते आणि जेटला ज्या उंचीवर खरा फायदा मिळतो तिथे पोचेपर्यंत खाली उतरण्याची वेळ येते, त्यामुळे या अंतरांना टर्बोप्रॉप हेच योग्य यंत्र आहे. जून २०२५ मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली तीही एटीआर ७२ या दोन इंजिनांच्या टर्बोप्रॉपनेच. जून २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत अडथळा ठरलेली साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये नूतनीकरण झालेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि होटगी रस्त्यावरची ही धावपट्टी पुन्हा वापरात आली. त्यासाठी या शहराने किती वर्षे वाट पाहिली आणि किती वाद सोसले, हे आपल्याला माहीत आहे. ती धावपट्टी स्थानिक माणसांच्या उपयोगी पडावी, असे मलाही मनापासून वाटते.

आता पैशाचे बोलतो, कारण फसगत तिथूनच सुरू होते. जुन्या टर्बोप्रॉपची जाहिरात वाचताना नजर विमानाच्या वयावर, रंगावर आणि खुर्च्यांच्या चामड्यावर जाते, पण अशा विमानाची खरी किंमत त्याच्या दोन इंजिनांमध्ये किती आयुष्य शिल्लक आहे त्यावर ठरते. जुन्या सी-९० मध्ये असणाऱ्या पीटी-६ जातीच्या इंजिनाचे दोन ओव्हरहॉलमधील, म्हणजे पूर्ण खोलून केलेल्या दुरुस्त्यांमधील, आयुष्य सर्वसाधारणपणे ३,६०० तासांचे असते आणि त्याच्या निम्म्यावर, म्हणजे १,८०० तासांच्या सुमारास, हॉट सेक्शनची, म्हणजे इंजिनाच्या ज्वलन आणि टर्बाइनच्या तप्त भागाची, तपासणी करावी लागते. एका इंजिनाचे ओव्हरहॉल आज दोन-तीन कोटी रुपयांच्या घरात जाते आणि उघडल्यावर आत टर्बाइनची पाती किंवा चकत्या बाद निघाल्या तर खर्च त्याच्याही पुढे सरकतो. समजा, आपल्याला सहा कोटींना एक विमान मिळाले आणि त्याच्या दोन्ही इंजिनांचे ३,६०० पैकी २,७०० तास वापरून झालेले आहेत. ओव्हरहॉल प्रत्येकी तीन कोटींचे धरले तर एका इंजिनाच्या एका तासाला ८,३०० रुपयांहून थोडे अधिक, म्हणजे दोन्ही मिळून ताशी सोळा-सतरा हजार रुपये, केवळ या एका कारणासाठी बाजूला पडले पाहिजेत. उरलेल्या ९०० तासांत आपण अगदी इमानदारीने ही रक्कम साठवली तरी दीड कोटीच जमतील आणि गरज सहा कोटींची असेल. मधले साडेचार कोटी आधीच्या मालकाने उडवून टाकलेले आहेत आणि ते आपल्या गळ्यात पडणार आहेत. अशा विमानाची किंमत सहा कोटी नसून साडेदहा कोटी आहे, असे समजूनच बोलणी करावी, किंवा ती रक्कम पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात ठेवावी. वर्षाला २०० तास उडाले तरी साडेचार वर्षांत ती वेळ येते, आणि तेव्हा भागीदारांपैकी एकाचा व्यवसाय मंदीत असेल तर विमान हँगरच्या कोपऱ्यात जाऊन बसते.

तासांबरोबर आवर्तनांचाही हिशेब असतो, आणि आपल्याला तो अधिक लागू आहे. इंजिन एकदा सुरू होऊन तापले, उड्डाण झाले आणि पुन्हा थंड झाले की एक आवर्तन मोजले जाते. टर्बाइन आणि कंप्रेसर (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) यांच्या चकत्यांचे आयुष्य तासांऐवजी या आवर्तनांवर बांधलेले असते. ती मर्यादा संपली की भाग कितीही चांगला दिसला तरी बदलावाच लागतो. सोलापूरहून पुणे, पुण्याहून मुंबई आणि संध्याकाळी परत, असा आपला वापर असणार. लांब पल्ल्याच्या वापरात दोन-तीन तासांना एक आवर्तन पडते, तिथे आपल्याकडे ते तासाला एक किंवा त्याहून अधिक पडेल. विक्रेता इंजिनाचे तास ठळक अक्षरांत सांगेल. आपण लाइफ लिमिटेड पार्ट्सची, म्हणजे अशा ठरावीक आयुष्याच्या भागांची, यादी मागावी आणि प्रत्येक चकतीची किती आवर्तने उरली आहेत हे लेखी घ्यावे.

कोणत्या जातीचे विमान घ्यावे, हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला गेला आहे. या वर्गात मुख्यतः दोन इंजिन-घराणी आहेत. पीटी-६ मध्ये प्रोपेलर फिरवणारे टर्बाइन वेगळे असते आणि मूळ गॅस जनरेटरशी, म्हणजे तप्त वायू तयार करणाऱ्या इंजिनाच्या गाभ्याशी, त्याचा थेट यांत्रिक जोड नसतो, त्यामुळे इंजिन सुरू होताना बॅटरीवर पडणारा भार कमी असतो. गॅरेटच्या, म्हणजे आता हनीवेलच्या, टीपीई-३३१ मध्ये एकच दांडा गिअरबॉक्समधून थेट प्रोपेलरला फिरवतो. ते इंजिन इंधनाला काटकसरी असते आणि पॉवर मागितल्याबरोबर देते, मात्र जमिनीवर त्याचा आवाज असह्य होतो, आणि बंद केल्यावर आतली उष्णता वर साचून दांडा किंचित वाकू नये म्हणून प्रोपेलर हाताने फिरवून ठेवण्याची शिस्त पाळावी लागते. मित्सुबिशी एमयू-२, टर्बो कमांडर आणि सेस्ना कॉन्क्वेस्ट २ ही गॅरेटवाली विमाने वेगवान आहेत आणि किमतीला स्वस्त दिसतात, पण त्यांचे उत्पादन १९८० च्या दशकात थांबले. गॅरेट घराण्याचे इंजिन आपल्या देशात अनोळखी नाही, कारण हिंदुस्थान एरोनॉटिक्स कानपूरला बनवते त्या डॉर्निअर २२८ मध्येही तेच घराणे आहे. तरीही पहिल्यांदाच विमान घेणाऱ्या, स्वतःचे तंत्रज्ञ नसलेल्या गटाला मी किंग एअरच सुचवीन. १९६४ साली पहिले किंग एअर उडाले आणि त्याच वंशाची विमाने आजही तयार होतात, म्हणून भाग मिळतात, त्यावर हात बसलेले तंत्रज्ञ भारतात मिळतात आणि वैमानिकही मिळतात. वेगापेक्षा ही उपलब्धता महत्त्वाची आहे. एखाद्या लहानशा व्हॉल्व्हसाठी दोन महिने जमिनीवर उभे असलेले विमान कितीही वेगवान असले तरी आपल्या उपयोगाचे नाही.

परदेशातून जुने विमान आणण्याचा मोह काहींना आहे, कारण तिकडच्या किमती आकर्षक दिसतात. आयात करायच्या विमानाच्या वयावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मर्यादा असते आणि ती वेळोवेळी बदलत आली आहे. पैसे अडकवण्याआधी त्या दिवशी लागू असलेला नियम वाचून घ्यावा. व्यवहारात याचा अर्थ असा की खरोखर जुने विमान घ्यायचे तर ते आधीच भारतात, व्हीटी या भारतीय नोंदणीच्या अक्षरांखाली नोंदलेले असण्याचीच शक्यता अधिक. मग प्रश्न उरतो तो त्याच्या भारतातल्या पूर्वायुष्याचा. किनाऱ्यालगत, मुंबई-गोवा-चेन्नईच्या खाऱ्या हवेत उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानाच्या पंखांच्या सांध्यांत आणि मजल्याखाली गंज शिरलेला असतो आणि वरचा रंग तो झाकून ठेवतो. खरेदीपूर्व तपासणी करणारा अभियंता आपण नेमलेला आणि आपणच पैसे दिलेला असावा, विक्रेत्याची देखभाल करणाऱ्या संस्थेतला नसावा. त्याला मजल्याचे फलक उघडू द्यावेत, बोरोस्कोप (आत डोकावण्याची बारीक दुर्बीण) घालून हॉट सेक्शन पाहू द्यावे, पंख जोडणाऱ्या बोल्टांची आणि लँडिंग गिअरच्या ओव्हरहॉलची शेवटची नोंद शोधू द्यावी. विमानाच्या पहिल्या दिवसापासूनची लॉगबुके सलग हवीत. मधले एखादे पुस्तक ‘गहाळ’ असेल तर त्या काळात विमानाला अपघात झाला होता असेच गृहीत धरून चालावे.

याच ठिकाणी मला २८ जून २०१८ ची आठवण करून द्यावीशी वाटते. त्या दिवशी मुंबईत घाटकोपरच्या भर वस्तीत किंग एअर सी-९० कोसळले. ते पूर्वी उत्तर प्रदेश सरकारच्या मालकीचे होते, अपघातात नुकसान झाल्यावर विकले गेले होते आणि बराच काळ जमिनीवर राहून दुरुस्तीनंतर चाचणी उड्डाणासाठी निघाले होते. पावसाळी ढगांतल्या त्या उड्डाणात विमानातील चौघे, दोन वैमानिक आणि दोन देखभाल कर्मचारी, आणि रस्त्याने जाणारा एक माणूस मृत्युमुखी पडला. माझ्या व्यवसायातील माणसे त्यात गेली, म्हणून हे मला विसरता येत नाही. दीर्घकाळ बंद असलेले विमान पुन्हा उडवणे हे या व्यवसायातील सर्वात नाजूक कामांपैकी एक आहे. ते कोणाच्या सोयीच्या तारखेला करायचे नसते, आणि ढगाळ हवेत तर मुळीच करायचे नसते. स्वस्तात मिळणारे, ‘थोडे काम करून उडेल’ असे सांगितले जाणारे विमान आपल्यासमोर आले, तर कृपया ते नाकारावे.

दोन इंजिने म्हणजे दुप्पट सुरक्षितता, असा एक समज आपल्या चर्चेत सहज गृहीत धरला जातो. सपाटीवर, थंड हवेत आणि सराव असलेल्या हातांत तो बराचसा खरा ठरतो. पण ५,६७० किलोपर्यंतच्या वजनाच्या या जुन्या विमानांना प्रमाणपत्र देताना मोठ्या प्रवासी विमानांइतकी कठोर अट नव्हती. धावपट्टी सोडताक्षणी एक इंजिन गेले तरी चढाई चालूच राहील, अशी हमी त्यांच्या बाबतीत प्रत्येक वजनाला आणि प्रत्येक तापमानाला मिळत नाही. सोलापूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवर आहे. मे महिन्याच्या दुपारी पारा ४२ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती उंची पाच हजार फुटांहून अधिक भरते. अशा हवेत इंजिन तापमानाच्या मर्यादेला आधी पोचते, त्यामुळे पूर्ण टॉर्क, म्हणजे प्रोपेलर फिरवण्याचा जोर, घेता येत नाही. प्रोपेलरही कमी हवा पकडतो आणि पंखांना जमीन सोडण्यासाठी अधिक वेग लागतो. त्याच क्षणी एक इंजिन बंद पडले आणि त्याचा प्रोपेलर वाऱ्याच्या जोराने फिरत राहिला, तर तो ब्रेकसारखा ओढतो आणि विमान त्या बाजूला वळू लागते. पाती लगेच फेदर झाली नाहीत, म्हणजे वाऱ्याला समांतर फिरली नाहीत, तर वैमानिकाकडे काही सेकंदच उरतात. म्हणून ऑटोफेदर, म्हणजे पाती आपोआप फेदर करणारी यंत्रणा, बसवलेले नाही किंवा बंद आहे असे विमान सोलापूरसाठी घेऊ नये. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे, दुपारी निघायचेच असेल तर माणसे किंवा इंधन कमी करावे, आणि किती वजन नेता येईल याचा तक्ता कंपनीच्या हस्तपुस्तिकेतून प्रत्येक उड्डाणाआधी काढावा. आठ जागा आहेत म्हणून आठ माणसे बसणारच, हा हिशेब विमानाला लागू पडत नाही.

हवामानाबद्दल थोडक्यात लिहितो. आपण पर्जन्यछायेत आहोत, म्हणूनच पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात मेघबीजनाच्या अभ्यासासाठी सोलापूर निवडले आणि इथून विमाने उडवून २७६ ढगांची पाहणी केली. पण आपला पश्चिमेकडचा प्रत्येक प्रवास सह्याद्रीवरून जातो आणि तिथे जूनपासून ढगांची भिंत असते. जेट विमान चाळीस हजार फुटांवरून ती ओलांडते. जुने टर्बोप्रॉप अठरा ते बावीस हजार फुटांवर, म्हणजे नेमके पावसाळी ढगांत पाणी गोठायला लागते त्या थरात उडते. चालू स्थितीतील वेदर रडार आणि पंखांच्या कडेवरचे, बर्फ फोडून काढणारे रबरी डी-आइस बूट ही आपल्यासाठी चैन नाही. हे बूट उन्हाने तडकतात, आणि त्यासाठीच सावलीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

हँगरची सोय झाल्याशिवाय विमान सोलापुरात आणू नये. आपली कोरडी हवा गंजाच्या दृष्टीने चांगली आहे, किनाऱ्यावरच्या शहरांपेक्षा कितीतरी चांगली, पण ऊन आणि धूळ रबर, काच, रंग आणि कंप्रेसर या चौघांचीही शत्रू आहेत. धुळीने कंप्रेसरची पाती मळली की तीच पॉवर मिळवण्यासाठी इंजिन अधिक तापते. कंप्रेसर ठरलेल्या मुदतीने शुद्ध पाण्याने धुतला तर हे नुकसान थांबते आणि त्याचा खर्च नगण्य आहे. इंधनाच्या नॉझलचेही तसेच. एखादे नॉझल चोंदले की ज्वाला एका बाजूला झुकते आणि लाखो रुपयांची पाती भाजून निघतात, पण वेळेवर काढून तपासलेल्या नॉझलांचा खर्च त्या मानाने काहीच नसतो. बॅटरीकडे तर कोणाचे लक्षच नसते. पीटी-६ सुरू करताना गॅस जनरेटरचा वेग बारा टक्क्यांवर गेल्यावर इंधन सोडतात. बॅटरी कमजोर असेल आणि वेग तिथेच रेंगाळला तर हवा कमी आणि इंधन तेवढेच, अशी अवस्था होऊन तापमान काही सेकंदांत हजार अंशांच्या पुढे जाते. हॉट स्टार्टच्या त्या दहा सेकंदांत एका ओव्हरहॉलचे पैसे जळून जाऊ शकतात. पुरेसा विद्युतदाब दाखवणारी बॅटरी किंवा जमिनीवरचा पॉवर युनिट यांशिवाय इंजिन सुरू करायचे नाही, असा नियमच करावा.

साखर कारखानदारांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही : गाळप संपल्यावर कारखाना जसा पूर्ण उघडून दुरुस्त केला जातो आणि त्या महिन्यांत कोणी उत्पादनाची अपेक्षा करत नाही, तसेच या विमानाचेही आहे. किंग एअरच्या तपासण्या चार टप्प्यांत, दर २०० तासांना एक अशा वाटलेल्या असतात आणि उड्डाण कमी झाले तरी चोवीस महिन्यांत चारही पूर्ण व्हाव्या लागतात. लँडिंग गिअरला सहा वर्षांची मुदत असते आणि प्रोपेलरलाही तास आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा असतात. त्यामुळे कमी उडवले म्हणजे खर्च वाचला, असे होत नाही. उलट उभ्या विमानाचे सील कडक होतात, टाक्यांत ओल धरते आणि इंजिनाच्या आत गंजाचा पहिला थर बसतो. आठवड्यातून एकदाही ज्याचा उपयोग होणार नाही असे विमान विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणे हा शहाणपणाचा व्यवहार आहे. माझ्या अंदाजाने वर्षाला दीडशे तासांच्या खालचा वापर असेल तर मालकीचा विचार सोडून द्यावा. ताशी ३०० ते ३५० लिटर एटीएफ (विमानाचे इंधन), ज्याला अजून वस्तू व सेवा कराचा परतावाही मिळत नाही, दोन वैमानिकांचे पगार, विमा, आणि नोंदी सांभाळणाऱ्या मान्यताप्राप्त कॅमो संस्थेचे शुल्क यांपैकी इंधन सोडले तर बाकी सर्व खर्च विमान उभे असतानाही चालूच राहतात.

आता वैमानिकांविषयी, आणि हा भाग मी सर्वात काळजीने लिहीत आहे. अनेक जुनी किंग एअर मूळ प्रमाणपत्रानुसार एका वैमानिकाने उडवता येतात. तरीही आपण दोन ठेवावेत, आणि दोघांनाही त्याच जातीच्या विमानाचा अनुभव असावा. दरवर्षी त्यांना सिम्युलेटरवर, मग तो परदेशात का असेना, पाठवण्याची तरतूद अंदाजपत्रकात पहिल्या पानावर असावी. उड्डाणानंतर लगेच इंजिन जाणे हा प्रसंग खऱ्या विमानात सुरक्षितपणे घडवून शिकता येत नाही. प्रशिक्षणाने काय होते याचे एमयू-२ हे ठळक उदाहरण आहे. त्या विमानाची अपघातांसाठी इतकी अपकीर्ती झाली होती की त्यावर बंदी घालावी अशी मागणी अमेरिकेत झाली. तिथल्या विमान प्रशासनाने २००८ साली केवळ त्या एका विमानासाठी प्रशिक्षणाचा वेगळा सक्तीचा नियम आणला आणि त्यानंतर त्याच जुन्या विमानांचे अपघात लक्षणीयरीत्या कमी झाले. विमान तेच राहिले, उडवणाऱ्यांची तयारी बदलली. याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्या देशातले आहे. २२ डिसेंबर २०१५ रोजी दिल्लीत सीमा सुरक्षा दलाचे सुपर किंग एअर उड्डाणानंतर काही क्षणांत कोसळले आणि दहा जण गेले. चौकशीत इंजिनाचा दोष पुढे आला नाही. कमी दृश्यमानतेत जमीन सोडल्याबरोबर, दिशेचा मोड न निवडता, ऑटोपायलट लावला गेला आणि विमान एका अंगावर कलत गेले ते वेळेत सावरले गेले नाही, असा निष्कर्ष निघाला.

म्हणूनच उड्डाण थांबवण्याचा अधिकार लेखी हवा, असे मी सुरुवातीला म्हटले. आपण सारे मोठी माणसे आहात, आपल्या एका शब्दावर शेकडो कामगारांचा दिवस ठरतो, आणि अशा माणसाला ‘साहेब, आज जाता येणार नाही’ असे सांगणे पगारी वैमानिकाला किती जड जाते हे मी अनेक विमानतळांवर जवळून पाहिले आहे. मंत्रालयातली बैठक आहे, घरचे लग्न आहे, सोबत एखादे आमदार किंवा खासदार आहेत, अशा वेळी तो दबाव बोलून दाखवावा लागत नाही, तो नुसत्या उपस्थितीने तयार होतो. भागीदारी करारातच असे कलम घालावे की मुख्य वैमानिकाने हवामानामुळे किंवा प्रभारी अभियंत्याने तांत्रिक कारणाने नकार दिला तर तो अंतिम राहील, त्याचे कारण त्या दिवशी कोणीही विचारणार नाही, आणि अशा नकारामुळे कोणाचीही नोकरी किंवा वेतन धोक्यात येणार नाही. या कलमाला एकाही भागीदाराचा विरोध असेल, तर त्या गटाचे विमान मी तरी तपासून सही करून देणार नाही, आणि माझ्या सहकाऱ्यांनाही तोच सल्ला देईन.

डॉक्टर मंडळींसाठी कायद्याची एक बाजू सांगणे आवश्यक आहे. सोलापूरची रुग्णालये धाराशिव, लातूर, कलबुर्गी, विजयपूर अशा चारही बाजूंच्या रुग्णांचा आधार आहेत, आणि गंभीर रुग्णाला मुंबईला किंवा हैदराबादला वेगाने हलवता यावे ही आपली तळमळ मला पूर्णपणे समजते. परंतु खासगी वर्गात नोंदलेल्या विमानाने पैसे घेऊन प्रवासी किंवा रुग्ण नेता येत नाही. त्यासाठी महासंचालनालयाचा नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय भाड्याने उड्डाणे करण्याचा परवाना, लागतो आणि त्याबरोबर जबाबदार पदाधिकारी, सुरक्षा व्यवस्थापन, प्रशिक्षणाच्या नोंदी आणि तपासण्या असा सारा डोलारा येतो. ‘खर्चापुरते पैसे घेऊ’ ही पळवाट निघत नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. रुग्णसेवा हाच मुख्य हेतू असेल, तर आधीच परमिट असलेल्या एखाद्या कंपनीशी सोलापुरासाठी करार करावा, रुग्णालयांनी मिळून ठरावीक तासांची हमी द्यावी, आणि विमान कोणाच्या नावावर आहे याची चिंता सोडावी, हे मला अधिक योग्य वाटते. शिवाय मुंबई विमानतळावर गर्दीच्या वेळी खासगी विमानांना जागा मिळणे अवघड असते आणि पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा आहे. ‘मनात आले की निघालो’ असे स्वातंत्र्य विमान विकत घेतल्याने मिळेल, अशी अपेक्षा कोणी धरू नये.

विसार देण्याआधी विक्रेत्याकडून सर्व लॉगबुकांच्या प्रती, दोन्ही इंजिनांच्या लाइफ लिमिटेड पार्ट्सची यादी आणि गेल्या दोन वर्षांच्या उड्डाणांतील टॉर्क, तापमान आणि इंधनाच्या नोंदी मागवाव्यात. या नोंदी कोणी ठेवल्याच नसतील, तर तेवढ्यावरूनही त्या विमानाचा सांभाळ कसा झाला असेल हे कळते. ही कागदपत्रे हाती आल्यावर मला कळवावे. मी ती कोणतेही शुल्क न घेता, आपल्या बैठकीत सर्व भागीदारांसमोर बसून, पानन् पान वाचून दाखवीन. बैठकीला ज्यांना वैमानिक म्हणून नेमण्याचा विचार आहे त्यांनाही बोलवावे, आणि करारातील नकाराच्या कलमाचा मसुदा त्याच दिवशी टेबलावर असावा.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
सोलापूर